माळ्यावरची बोचकी

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा उरलेल्या महाराष्ट्राला एकदम दोन गोष्टी आठवल्या: माणुसकी आणि माळ्यावरची बोचकी. मदतीचे ट्रक आले. पाणी, औषधं, चादरी, बिस्किटं. त्यातलं पुष्कळसं खरोखर कामाचं होतं. बोचकी सुटली तेव्हा मात्र काखेत उसवलेले जरीचे ब्लाउज निघाले, चेन तुटलेल्या पँटी निघाल्या. ज्यांच्या घरात गुडघाभर चिखल, त्यांनी जरीचं काय करायचं? शेवटी ‘जुने कपडे पाठवू नका’ असं हात जोडून सांगायची पाळी आली.

कपाट आवरायचं आणि दानही करायचं, ही दोन कामं एकाच दुपारी उरकण्यात आपला हातखंडा. पुण्य पदरात पडतं, वर दिवाळीच्या साड्यांना खणही मोकळा होतो.

देण्याची याहून वेगळी रीतही आपल्याकडेच होती. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी गरीब मुलांची बोर्डिंगं चालवली, त्यामागे मुष्टिफंड होता. (कर्मवीरांचं गाव वाळवा तालुक्यातलं ऐतवडे बुद्रुक, त्यामुळे सांगलीकरही त्यांच्यावर हक्क सांगतात, सांगू द्यावा.) बाई दळायला बसली की आधी मूठभर धान्य बोर्डिंगच्या पोरांसाठी बाजूला काढायची. या व्यवस्थेची खुबी अशी की वाईट द्यायची सोयच नाही. आपल्या जात्यात जाणार तीच ज्वारी पोरांच्या ताटात. किडकी द्यायची तर आपल्यासाठीही किडकीच दळायची. कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तर पोरांची चूल पेटती राहावी म्हणून मंगळसूत्र मोडलं. ते काही माळ्यावर पडलेलं नव्हतं.

पुन्हा पुराकडे येऊ. २०१९ हे वर्षच विचित्र. उन्हाळ्यात साताऱ्याच्या माण तालुक्यात गुरं चारा छावणीत बांधलेली. म्हसवडला माणदेशी फाउंडेशनची मोठी छावणी. आणि पावसाळ्यात सांगलीत माणसं निवारा केंद्रात. एकाच कृष्णेच्या खोऱ्यातली ही गावं. एकीकडे हंडा कोरडा, दुसरीकडे तोच हंडा पाण्यावर तरंगतोय.

मदत देणाऱ्याची काळजी घ्यायला आपल्याकडे हार आहेत, फोटो आहेत. त्या पुरात धान्याच्या पाकिटांवर पुढाऱ्यांच्या फोटोंचे स्टिकर लागले आणि त्यावर व्हायची ती टीकाही झाली. घेणाऱ्याची पंचाईत मात्र कुणी पाहत नाही. आयुष्यभर गिऱ्हाइकाला ‘बसा, चहा घ्या’ म्हणणारा पेठेतला दुकानदार रांगेत उभा राहणार कसा? तो म्हणतो, ‘आमचं भागलंय, पलीकडं बघा.’ पलीकडचेही तेच म्हणतात. असं एखादं पाकीट गल्लीभर फिरून परत टेम्पोत येतं आणि टेम्पोवाला म्हणतो, ‘इथं कुणाला गरजच नाही.’

म्हणून एका निवारा केंद्रातल्या मावशींचा ऐकलेला किस्सा मला फार आवडतो. तिसऱ्या दिवशीही खिचडीच आल्यावर त्या मदतीला येऊन वाढणाऱ्या साताऱ्याच्या पोराला म्हणाल्या, ‘मिठाला हात आखडलाय रं.’ आसपासच्यांना वाटलं, काय ही बाई, फुकटचं खाऊन वर नावं ठेवते! मला वाटतं, मीठ कमी म्हणणारी बाई अजून स्वतःच्याच घरात जेवत होती, घर पाण्यात असलं म्हणून काय झालं? पोरगंही बेरकी. म्हणालं, ‘मग उद्या तुम्हीच या की फोडणीला.’

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मावशी पदर खोचून चुलीपाशी हजर, आणि साताऱ्याची चार पोरं खाली मान घालून कांदा पुन्हा, बारीक चिरत बसलेली.