सोळा जीबीवाले नाना

घरात कॉम्प्युटर घ्यायचा ठरला की नगरचा माणूस आधी दुकानात जात नाही, नानांकडे जातो. नाना सावेडीला पाइपलाइन रोडच्या बाजूला राहतात. तसे ते संगमनेरलाही राहतात, श्रीरामपूरलाही राहतात आणि कोपरगावात तर गल्लीला एक या हिशेबाने राहतात. (शहराचं नाव आता अहिल्यानगर झालंय. नाना अर्जावर तेच लिहितात आणि कंडक्टरकडे तिकीट मात्र नगरचं मागतात.)

नानांना काहीही विचारा, उत्तर रॅमवर येतं. पडदा काळा पडला, रॅम. प्रिंटर कागद ओढत नाही, रॅम. ऑस्ट्रेलियातल्या जावयाचा चेहरा व्हिडिओ कॉलमध्ये मधेच थिजतो, तर जावई तिकडचे असले तरी रॅम इकडचीच कमी. आणि किती रॅम हवी, या प्रश्नाला नानांचं एकच उत्तर ठरलेलं असतं : तुम्ही मनात धरून आलात त्याच्या दुप्पट. चार म्हणालात तर आठ. आठ म्हणालात तर सोळा. शेजारच्या एका हुशार पोराने सुरुवातच सोळाने केली, तेव्हा नानांनी क्षणभर त्याच्याकडे संशयाने पाहिलं आणि बत्तीस सांगितले.

नाना मूळचे पाटबंधारे खात्यातले कारकून. हयात मुळा कालव्याच्या कागदांत गेली. पुढे सरकारने एमएस-सीआयटी सक्तीची केली, तेव्हा वेतनवाढ अडेल या धाकाने पन्नाशीत परीक्षेला बसले. बाकीच्यांची विद्या वेतनवाढ पदरात पडताच ओसरली. नानांची अंगात मुरली. प्रमाणपत्र साईबाबांच्या तसबिरीशेजारी लावलंय, आणि हार कधी कधी दोन्हीला मिळून एक असतो.

एक मात्र कबूल करायला हवं. रॅम म्हणजे काय, हे नानांइतकं चोख सांगणारा माणूस जिल्ह्यात दुसरा नाही. आलेला माणूस हमखास म्हणतो, "नाना, दुकानदार पाचशे बाराची मेमरी देतोय, आणि तुम्ही सोळाचं काय घेऊन बसलात?" मग नाना चष्मा कपाळावर सरकवतात.

"ते पाचशे बारा म्हणजे धरण. मुळा भरलं, सव्वीस टीएमसी झालं, पेपरात फोटो आला. म्हणून तुमचा ऊस भिजला का? ऊस भिजतो चारीला आलेल्या पाण्यावर. ती चारी म्हणजे रॅम. लाइट गेली की चारी कोरडी, धरण जागच्या जागी. म्हणून म्हणतो, फाइल सेव्ह करत जा."

एवढ्यावर थांबत नाहीत. सव्वीसातले साडेचार टीएमसी मृतसाठा, तो मोजायचा पण उचलायचा नाही. तसं विंडोज चालू झालं की दोन-तीन जीबी स्वतःच गिळून बसतं. चारी आटली की टँकर लावावा लागतो, म्हणजे रॅम भरली की मशीन डिस्कवरून खेपा सुरू करतं, आणि टँकरवर कधी कुणाचा ऊस निघालाय का? ब्राउझर उघडून वीस पानं लावून ठेवलीत तर ते जायकवाडी. वरून किती सोडा, खालून ओरड यायचीच. इथे नानांचा आवाज चढतो. समन्यायी पाणीवाटपाचा विषय निघाला की कॉम्प्युटर बाजूला राहतो आणि चहा येतो.

इतकं नेमकं समजावणारा माणूस आकडा सांगायच्या वेळी एकदम सैल का सुटतो, याचा उलगडा मला बरेच दिवस होत नव्हता. आता माझं मत असं आहे, की हा नोकरीचा सूड आहे. उभं आयुष्य नानांनी शेतकऱ्यांना 'नाही' सांगण्यात घालवलं. सात नंबरचा फॉर्म भरला नाही, पाणी नाही. मागची पट्टी थकली, पाणी नाही. आवर्तन संपलं, टेलच्या माणसाने काय ते पुढच्या वेळी बघावं. निवृत्तीनंतर हाती असा साठा लागला जो मागेल त्याला, मागेल तेवढा, वर दुप्पट देता येतो, आणि तोही दुसऱ्याच्या पैशाने. मोकळ्या हाताने 'सोळा घ्या' म्हणतानाचा नानांचा चेहरा पाहावा. मुळाचे सगळे दरवाजे उघडल्यासारखा दिसतो.

कामापुरतं बोलायचं तर सातबारा काढणं, पत्र टंकणं, पोरांचे ऑनलाइन तास, संध्याकाळी एखादं कीर्तन, एवढ्याला आठ जीबी चालतात. मशीन सहा-सात वर्षं वापरायचं असेल, किंवा लॅपटॉपची रॅम बोर्डालाच चिकटवलेली असेल आणि मागाहून वाढवता येणार नसेल, तर सोळा घेण्यात शहाणपण आहे. बत्तीस लागतात लग्नाच्या अल्बमवाल्यांना आणि व्हिडिओ कापणाऱ्यांना. पण हे असं सांगितलं की लोकांना सल्ला मिळाल्यासारखं वाटत नाही. नानांकडून माणूस मोठा आकडा घेऊन बाहेर पडतो, आणि मोठा आकडा शेजाऱ्याला सांगता येतो.

दुरुस्तीत मात्र नाना कधी हात आखडत नाहीत. मशीन चालू न होता नुसतं टीं टीं करायला लागलं की त्यांना बोलावणं जातं. बाजूचा पत्रा काढायचा, धुळीवर फुंकर मारायची, दोन्ही टोकांचे चिमटे दाबले की पट्टी टक् करून वर येते. मग खिशातून नातवाचा पांढरा खोडरबर निघतो. पट्टीच्या पिवळ्या दातांवर तो हलक्या हाताने, एकाच दिशेने फिरवायचा, चुरा झटकायचा, पट्टी परत बसवायची. दहात सातदा मशीन सुरू होतं. तेवढ्यात घरमालकीण विचारते, "काय झालं होतं?" आणि नाना खोडरबर खिशात टाकत म्हणतात, "रॅम कमी पडतेय."

जुन्या पट्ट्या ते टाकत नाहीत. शेवेच्या डब्यात १२८ एमबीपासूनचा सगळा वंश नांदतो. डीडीआर-तीनची पट्टी डीडीआर-चारच्या जागेत बसत नाही, दोघींची खाच वेगळ्या ठिकाणी असते, हे ठाऊक असूनही "असू द्या, लागेल" म्हणून डबा जपलाय. २०२५ च्या अखेरीपासून जगभर एआयच्या कारखान्यांनी मेमरी उचलायला सुरुवात केली आणि रॅमचे भाव भडकले, तेव्हा डबा माळ्यावरून कपाटात आला. कपाटाला कुलूप आहे.

रंगात आले की नाना इतिहास सांगतात. २००१ साली विंडोज एक्सपी आलं ते ६४ एमबीत चालायचं. २०२१ च्या विंडोज अकराला निदान ४ जीबी लागतात, म्हणजे वीस वर्षांत चौसष्ट पट. आणि या वीस वर्षांत नानांच्या मशीनवर टाइप होणारा मजकूर एका अक्षराने बदललेला नाही : 'महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती अर्ज सादर करतो की'.

परवा राहुरीकडचे एक शेतकरी आले होते, मुलीला घेऊन. उसाचं पेमेंट झालं होतं, मुलगी बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करत होती.

"पस्तीसपर्यंत बसवायचंय नाना. किती जीबीचा घ्यावा?"

"तुम्ही किती धरलेत?"

"आठ म्हणत होती पोरगी."

"सोळा घ्या. माझ्याकडे बत्तीस आहेत."

मुलगी उठून नानांच्या मशीनपाशी गेली. "नाना, बघू का?" म्हणत तिने तीन बटणं एकदम दाबली. पडद्यावर आलेखाची खिडकी उघडली. बत्तीसपैकी सहाच्या आसपास वापरात. मागे नानांचा पत्त्यांचा डाव अर्धवट मांडलेला होता, तोही त्यातच धरून.

"सव्वीस तर नुसतेच पडलेत," ती म्हणाली.

"पडलेत म्हणजे?" नाना ताठ बसले. "उपयुक्त साठा आहे तो. धरणात पाणी दिसलं की लगेच सोडायचं नसतं, पोरी."

"मग मी आत्ता आठचीच एक पट्टी घेते. दुसरी जागा रिकामी असलेलं मशीन बघते. लागलं तर नंतर टाकू."

शेतकऱ्याने नानांकडे पाहिलं. नानांनी चष्मा खाली घेतला, टेबलाचा खण उघडून वही काढली आणि पेनचं टोपण उघडलं.

"नाव सांग. मागणी आत्ताच नोंदवून ठेवतो. ऐन उन्हाळ्यात येऊन आरडाओरडा करायचा नाही."