श्री. कार्बाइड यांस खुले पत्र

प्रति,
श्री. कॅल्शियम कार्बाइड,
मुक्काम कागदी पुडी, आंब्याच्या पेटीचा तळ

सा. न. वि. वि.

महाड-रायगड रस्त्यावरच्या नाते गावातून हे पत्र लिहीत आहोत. आपल्या झपाट्यापुढे आमची अढी हरली, हे आधीच कबूल करतो. आम्ही पेंढा अंथरायचा, आंबे लावायचे, वरून पुन्हा पेंढा घालायचा, मधूनमधून हात फिरवून डागी फळ वेचायचे आणि आठ-दहा दिवस पोरांना हुसकावत बसायचे. आपल्याला नुसता ओलावा लागला की ॲसिटिलीन सुटतो आणि दोन दिवसांत साल पिवळीधमक! आत गर कच्चा, वासाचा पत्ता नाही. पण वरच्या थरावर भाव ठरतो, तिथे गर बघतो कोण?

आपला मूळ धंदा वेल्डिंगचा. तिथून फळबाजारात येताना आपण आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंशही सोबत आणता, तेही फुकट. सरकारला मात्र कदर नाही. अन्नसुरक्षेच्या 2011च्या नियमांनी फळे पिकवायला आपल्याला बंदी केली. इथिलीन वायूला तेवढी 100 पीपीएमपर्यंत मोकळीक मिळाली. आपण ते मनाला लावून घेतले नाही. ‘मसाला’ या टोपणनावाने कामाला लागलात.

2018 साली रायगडसह पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. पण त्यावरून कळते ते फळ कुठले एवढेच. कशाने पिकवले, ते पिकवणाऱ्यालाच विचारावे लागते. आमचे घोडे तिथेच अडते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख 1896 साली याच नात्यात जन्मले. नोटेवर त्यांची सही असे. लोकांच्या हाती जे द्यायचे, त्याची हमी कुणीतरी नावानिशी घ्यावी, ही खोड आम्हाला तेव्हापासूनची. आपल्या पेटीची हमी मागितली की दुकानदार दलालाकडे बोट दाखवतो, दलाल ट्रककडे, आणि ट्रक गेलेला असतो. रायवळाची पाटी घेऊन रस्त्याला बसणारी बाई उद्याही तिथेच बसणार असते. फसवणे तिला परवडत नाही.

आता एक बाजू आपलीही. गावचा म्हणून आंबा आपोआप सोवळा ठरत नाही. घाईचे गिऱ्हाईक आणि चढा भाव दिसला, तर आपली पुडी आमच्याही माळ्यावर चढेल. म्हणून रायगडला जाणाऱ्या मंडळींना आपल्यादेखत सांगतो: गाडी थांबवा, “अढीतला का?” असे विचारा, एक कापायला लावा. पिकलेला नसेल तर हिरवाच न्या आणि घरी पिकवा. डागी साल चालवून घ्या, घासाघीस थोडी आवरा. विचारणारे गिऱ्हाईक वाढले, तर आपल्याला परत वेल्डिंगच्या दुकानात जावे लागेल. तिथे आपला मान मोठा आहे.

कळावे, लोभ नसावा.

आपले,
नाते गावचे अढीवाले