प्रश्न दारात, उत्तर गेटबाहेर

धाराशिव जिल्ह्याच्या मनाची कुणी विचारपूस केली नाही, असे म्हणणाऱ्याची जीभ झडो. "कसं वाटतंय?" हे इथल्या माणसाला सरकारी खर्चाने जितक्या वेळा विचारले गेले, तितक्या वेळा त्याच्या सख्ख्या मेहुण्यानेही विचारले नसेल. २०१५ मध्ये बळीराजा चेतना अभियान आले. प्रायोगिक तत्त्वावर राज्यात दोनच जिल्हे निवडले गेले, एक यवतमाळ आणि दुसरा तेव्हाचा उस्मानाबाद. गावोगावी समित्या झाल्या, कीर्तने झाली, पथनाट्ये झाली. पाठोपाठ मराठवाडा आणि विदर्भातल्या १४ जिल्ह्यांसाठी प्रेरणा प्रकल्प आला आणि त्याच्यासोबत १०४ हा नंबर. २०२० मध्ये केंद्राने 'किरण' नावाची अकरा आकडी हेल्पलाइन काढली. १० ऑक्टोबर २०२२ ला टेलिमानस आले, नंबर १४४१६, आणि पुढे किरण त्यात विलीन झाली. दरम्यान जिल्ह्याचेच नाव बदलले, तेव्हा हेल्पलाइनला तरी नावे का ठेवावीत?

टेलिमानसची थट्टा मात्र करवत नाही. फोन फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येते. इतके सरळ काम सरकारी कागदावर क्वचित दिसते. थट्टा करायची तर बाकीच्या व्यवहाराची.

प्रेरणा प्रकल्पात घरोघरी जाऊन मनाचा ठाव घेण्याचे काम आशाताईंकडे आले. हातात फॉर्म, फॉर्मवर प्रश्न. उत्तरावरून सौम्य, मध्यम की तीव्र ते ठरवायचे आणि पुढे पाठवायचे. कल्पना चांगली, फक्त ओसरीवर ती अशी उतरते:

"मावशी, मागच्या पंधरा दिवसांत उदास वाटलं का?"

"सोयाबीन घातलं त्या दिवशी वाटलं बग."

"म्हणजे काही दिवस लिहू, का रोज लिहू?"

"मोंढ्यावरनं यायला एकच दिस लागला की गं बाई. पर पैसं मोजायला बसलं की रोजच."

आता हे कोणत्या रकान्यात बसवायचे? २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झालेला; मोंढ्यातला भाव तेव्हा त्याच्या बराच खाली. पण फॉर्ममध्ये झोपेला रकाना आहे, भुकेला रकाना आहे, भावाला नाही. त्यामुळे मावशी सौम्य ठरतात. आणि प्रश्न विचारणारी आशाताई? राज्यभरातल्या आशा २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आणि पुन्हा २०२४ च्या सुरुवातीला मानधनवाढीसाठी संपावर होत्या. तिला कुणी पंधरा दिवसांतली उदासी विचारल्याची नोंद नाही. बहुधा तिचा फॉर्म तिनेच भरून तिनेच पुढे पाठवायचा असावा.

तसा हा जिल्हा प्रश्नांना सरावलेला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूरसोबत लोहारा आणि उमरग्याची गावेही झोपेत गाडली. सास्तूर तर पार उद्ध्वस्त झाले. घरे पडली ती मोजली गेली, पत्रे मोजले गेले, मदत मोजली गेली. मनेही मोजली गेली. १९९६ मध्ये एका अमेरिकन मानसोपचार नियतकालिकात या भूकंपग्रस्तांची पाहणी छापून आली. तपासलेल्या लोकांपैकी ५९ टक्क्यांना कोणता ना कोणता मानसिक आजार आढळला होता. गावे नव्या जागी वसली, रस्ते आखून रुंद झाले. ५९ टक्क्यांचे पुनर्वसन कोणत्या प्लॉटवर झाले, हे नकाशात दाखवलेले नाही.

मग २०२३ मध्ये विभागीय आयुक्त सुनील केंद्रेकर यांनी मराठवाड्यातल्या लाखो शेतकरी कुटुंबांकडे माणसे धाडली आणि सरळ विचारले. सुमारे एक लाख शेतकऱ्यांच्या मनात टोकाचे विचार घोळत असल्याचे उत्तर आले. अधिकाऱ्याने अशा वेळी समुपदेशन शिबिर सुचवायचे असते. केंद्रेकरांनी पेरणीच्या तोंडावर एकरी १० हजार रुपये सुचवले. म्हणजे त्यांनी प्रश्न विचारला तो विचारला, वर उत्तरही ऐकले. केंद्रेकर त्याच वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेऊन मोकळे झाले. अहवाल मात्र अजून सेवेत आहे.

शिबिरांचे म्हणाल तर त्यांना तोटा नाही. १० सप्टेंबरला आत्महत्या प्रतिबंध दिन, १० ऑक्टोबरला मानसिक आरोग्य दिन. तुळजापूरची भवानी वर्षातून तीनदा मंचकी निद्रेला जाते, पण तिची तिथी ठरलेली असते आणि ठरल्या तिथीला ती उठतेही. जिल्ह्याजिल्ह्यांतला मानसिक आरोग्याचा उत्साह या दोन दहा तारखांच्या मध्ये जागा असतो आणि उरलेले अकरा महिने विश्रांती घेतो.

अशा दिवसाचा कार्यक्रम महाराष्ट्रात कुठेही पाहावा, सारखाच. सकाळी नर्सिंगच्या मुलींची रॅली, हातात घोषणांचे फलक, पायांत नव्या बुटांचे फोड. मग सभागृह. दीपप्रज्वलनाला समईची वात पेटत नाही, तिसऱ्या काडीला पेटते, तोवर फोटोवाला "साहेब, इकडं" म्हणत राहतो. पुष्पगुच्छाऐवजी रोपटे देण्याची पद्धत आता रुळली आहे. रोपटे कार्यक्रम संपताच शिपायाच्या ताब्यात जाते. 'ताणतणावाचे व्यवस्थापन' या विषयावर व्याख्यान सुरू होते आणि दहाव्या मिनिटाला प्रमुख पाहुणे व्हीसी आली म्हणून उठतात. समोर बसलेले कर्मचारी मार्गदर्शन ऐकत असतात, कारण दारात हजेरीपट आहे. शेवटी पेढा (इथे तो कुंथलगिरीचा), आभार आणि फोटो. फोटो साधा चालत नाही, जिओ टॅग लागतो. अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ सगळे खाली उमटले पाहिजे. मन नेमके कुठे हरवले ते सापडो न सापडो, ते शोधायला कोण कुठे उभे होते हे सेकंदासकट सिद्ध करता येते.

बरे, रुग्ण आलाच तर? जिल्हा रुग्णालयात मनशक्ती क्लिनिक असते. देशात लाख लोकांमागे पाऊण मानसोपचारतज्ज्ञ आहे, असे सांगतात. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाख होती. त्या हिशेबाने आठ तालुक्यांच्या वाट्याला बारा तज्ज्ञ यायला हवेत. अडचण एवढीच की सरासरी ही पुण्या-मुंबईत राहते आणि परंड्याला बदली मागत नाही.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मात्र वाचावा असा आहे. कलम १८ म्हणते, उपचारांसाठी रुग्णाला लांबचा प्रवास करावा लागू नये, सेवा घराजवळ मिळावी. लांब म्हणजे किती, हे कायद्याने शहाणपणाने सांगितलेले नाही. सरकारी मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. मराठवाड्याच्या वाट्याचे ३६५ खाटांचे रुग्णालय मंजूर झाले ते जालन्याला. धाराशिवहून येरवडा अडीचशे किलोमीटरच्या आसपास. एसटीच्या खिडकीत दोन नातेवाइकांच्या मध्ये दाबून बसवलेल्या माणसाला ते जवळ वाटत असेल, तर कायदा पाळला गेला म्हणायचे. याच कायद्याने कुणालाही साखळदंडाने बांधायला बंदी केली, विमा कंपन्यांना मनाचा आजार शरीराच्या आजाराइतकाच धरायला सांगितले आणि आपण आजारी पडलो तर कसे उपचार हवेत ते आधीच लिहून ठेवायची मुभा दिली. जिथे वारसाचा फेरफार करायला चकरा मारून चपला झिजतात, तिथे माणूस आपल्या भविष्यातल्या वेडाचे इच्छापत्र घेऊन कुठल्या टेबलापाशी जाईल, ते बघण्यासारखे ठरेल.

जिवंत माणसाच्या मनाबद्दल इतके मोघम असलेले सरकार मेलेल्याच्या बाबतीत फार काटेकोर आहे. शेतकऱ्याने आत्महत्या केली तर ती पात्र की अपात्र हे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती ठरवते. जमीन हवी, कर्ज हवे आणि ते बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे हवे; विनापरवाना सावकाराने लुबाडलेल्याचे दुःख बेकायदा. पात्र ठरले तर घरच्यांना एक लाख रुपये, त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. २००५-०६ पासून रक्कम तीच आहे. खताची गोणी वाढली, डिझेल वाढले, मजुरी वाढली. भाव न वाढलेली जिल्ह्यातली ही एकच गोष्ट असावी.

आता कायद्याच्या सुधारणेची खरी गंमत. त्यासाठी मुंबईला जावे लागते, १९८५ सालात. मुंबई पोलिसातला एक शिपाई. १९८१ मध्ये अपघातात डोक्याला मार लागला आणि मागोमाग मानसिक आजार जडला. बायकोला भाजीचा स्टॉल लावायला परवाना हवा होता. त्यासाठी तो महापालिका आयुक्तांना भेटायला गेला. भेट मिळाली नाही. तिथेच त्याने जिवाचे बरेवाईट करून घेण्याचा प्रयत्न केला. लोकांनी अडवले, तो वाचला आणि भेट न मिळालेल्याला कलम मिळाले, भारतीय दंड संहितेचे ३०९. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. १९८६ मध्ये न्या. पी. बी. सावंत आणि न्या. बी. जी. कोळसे-पाटील यांनी ३०९ घटनाबाह्य ठरवले. ज्याला दवाखान्यात न्यायचे त्याला तुरुंगात कशाला, असा साधा माणुसकीचा सवाल होता. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच म्हटले, १९९६ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ते फिरवले. मग २०१७ च्या कायद्याचे कलम ११५ आले. असा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरा, खटला चालवू नका, आणि त्याच्यावर उपचार व पुनर्वसन करणे हे सरकारचे कर्तव्य आहे.

१ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि ३०९ सगळेच गेले. पेढे वाटायला हरकत नव्हती. पण जाता जाता २२६ नावाचे एक कलम ठेवून गेले. लोकसेवकाला त्याचे कर्तव्य करायला भाग पाडण्यासाठी किंवा त्यापासून रोखण्यासाठी कुणी आत्महत्येचा प्रयत्न केला, तर एक वर्षापर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, किंवा समाजसेवा.

म्हणजे घरात खचलेला तो रुग्ण, रानात खचलेला तोही रुग्ण. साहेबांच्या दारात खचला तर आरोपी. चाळीस वर्षे ज्या शिपायाच्या नावाने हा कायदा बदला म्हणून भांडण झाले, तो आज आयुक्तांच्या दारात गेला असता तर सगळ्या देशात त्याच्याच जातीचा प्रयत्न तेवढा गुन्हा ठरला असता.

आणि मराठवाड्यात दुःख दारातच येते. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी जवळ आला की जिल्हाधिकारी कार्यालयांत आत्मदहनाच्या इशाऱ्याचे अर्ज जमू लागतात. कारणे वाचली तर एकाही मानसशास्त्राच्या पुस्तकात नसतील अशी: अडवलेला शेतरस्ता, भूसंपादनाचा मोबदला, घरकुलाचा हप्ता, मोजणी. अर्जाला आवक क्रमांक पडतो. प्रत तहसीलदारांना, प्रत पोलीस अधीक्षकांना. मानसोपचारतज्ज्ञाला 'माहितीस्तव' प्रत पाठवण्याची रीत नाही. खरे तर मोजणी खात्याने मोजणी केली असती तर तीही लागली नसती. ध्वजारोहणाला गेटवर बंदोबस्त, रुग्णवाहिका, अग्निशमनची गाडी. अर्जदाराला सकाळीच गाडीत घालून ठाण्यात बसवतात, चहा देतात आणि राष्ट्रगीत झाल्यावर सोडतात. रस्ता अडवलेलाच असतो.

वेगळे काही होऊ शकत नाही असेही नाही. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावातलीच माणसे शिकवून तयार केली, त्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांशी बोलायला सुरुवात केली. नैराश्य असलेल्यांपैकी आधी चार टक्के लोक मदत घेत होते, दीड वर्षात ते २७ टक्क्यांवर गेले. इथल्याच तुळजापूर तालुक्यात अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावच्या बायकांना 'भारतवैद्य' म्हणून उभे केले. साताऱ्याच्या 'परिवर्तन'चे मानसमित्र त्याच वाटेचे. यांच्याकडे सभागृह नसते, म्हणून ते लोकांच्या घरी जातात. आणि घरी गेले की उत्तर पूर्ण होईपर्यंत बसावे लागते.

राहता राहिला ठाणे अंमलदार. गेटवरून आणलेल्या माणसाचा हेतू आता त्याने ठरवायचा. ताणाखाली होता म्हणावे तर ११५, साहेबांना भाग पाडत होता म्हणावे तर २२६. माणूस सांगतो, "सायेब, दोन वर्सं झाली, रस्ता मिळंना, झोप लागंना." वाक्याचा एक अर्धा भाग दवाखान्याचा आहे आणि दुसरा कोर्टाचा. शिवाय ११५ चे ते उपचारांचे कर्तव्यही कुण्या लोकसेवकाचेच आहे, आणि त्याला ते करायला कसे लावायचे याबद्दल दोन्ही कायदे गप्प आहेत. अंमलदार जबाब टंकायला घेतो. नाव, वय, धंदा शेती.