लागतेच आहे

मिसिसागाहून गाडीने अमेरिकेत जायचं ठरलं की मराठी घरात पहिला वाद पुलावरून होतो. नायगारा नदीवर गाड्या सीमेपार नेणारे चार पूल आहेत. इरी सरोवराच्या तोंडाशी १९२७ सालचा पीस ब्रिज, धबधब्यासमोर १९४१ चा रेनबो, त्याच्या पुढे १८९७ चा व्हर्लपूल आणि उत्तरेला १९६२ चा क्वीन्स्टन-लुइस्टन. यातल्या व्हर्लपूलवरून फक्त पूर्वतपासणीचं नेक्सस कार्ड असलेले पुण्यवान जातात. म्हणजे आपल्या वाट्याला तीन. पूल तीन, गाडीत माणसं पाच आणि मतं सहा, कारण आमच्या हिला नेहमी दोन असतात. त्यात प्रत्येकाच्या हातात फोन. एक फोन वीस मिनिटं म्हणतो, दुसरा पस्तीस, आणि तिसरा सांगतो ‘विलंब नाही’. या तिसऱ्याकडे सगळे संशयाने बघतात.

ही मिनिटं काढतं कोण, हे आमच्या घरात कधी कुणी विचारलं नव्हतं. यंदा उन्हाळ्यात मामा-मामी आले आणि मामांनी विचारलं. मामा सोलापूरच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. “साहेब, अक्कलकोट कधी लागणार?” या एका प्रश्नाला उत्तरं देण्यात त्यांची अख्खी नोकरी गेली. दुसऱ्या कुणी वेळ सांगितली की ती काढली कशी, हे खोदून काढल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

जुनी पद्धत ऐकून ते खूश झाले. नाक्यावरचा अधिकारी मान वर करून रांगेचं शेपूट कुठवर गेलंय ते बघतो. अमुक पाटीपर्यंत असेल तर अर्धा तास, तमुक वळणाच्या पुढे असेल तर तास. २०१३ साली अमेरिकेच्या जीएओने, म्हणजे तिकडच्या ‘कॅग’ने, मेक्सिकोच्या सीमेवर ट्रकना लागणाऱ्या वेळेचे आकडे तपासायला घेतले. तेव्हा मोजायच्या पाच तऱ्हा सापडल्या : नुसती नजर, कॅमेरा, ड्रायव्हरलाच विचारणं, वेळ टाकलेली कार्डं आणि नंबरप्लेट वाचणारं यंत्र. निष्कर्ष निघाला की आकडे भरवशाचे नाहीत.

“रांग नजरेपलीकडे गेली की काय करतात?” मामांनी विचारलं, आणि माझी वाट न बघता उत्तरही देऊन टाकलं, “कालचा आकडा लिहीत असतील. आम्ही तेच करायचो.”

आता ब्लूटूथ आलंय. पुलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर खांबाला एक डबी लावलेली असते. आपल्या खिशातला फोन, गाडीतला स्पीकर, ही मंडळी आपापला नंबर हवेत पुकारत असतात. डबी तो टिपून घेते. तपासणी ओलांडल्यावर दुसरी डबी तोच नंबर पुन्हा टिपते. दोन वेळांची वजाबाकी केली की तुमची रखडपट्टी निघाली. नंबर कुणाचा हे कळू नये म्हणून त्याची ओळख आधीच पुसलेली असते, त्यामुळे आपण नायगाराला गेलो होतो हे सासुरवाडीला कळायची भीती नाही.

पण यात एक गोम आहे. वजाबाकी करायला माणूस आधी सुटावा लागतो. रांग तासाभराची असेल, तर पाटीवर दिसणारा आकडा तासापूर्वी रांगेत शिरलेल्या माणसाचा असतो. तुम्ही दहाला पोचलात तरी वाचताय ते नऊची गर्दी. मधल्या वेळात अख्खं ब्रॅम्प्टन येऊन उभं राहिलं असलं तरी त्या आकड्याला त्याचा पत्ता नसतो.

यावर उपाय म्हणून बफेलो विद्यापीठातल्या संशोधकांनी झालेल्याऐवजी होणारी रखडपट्टी सांगणारं अ‍ॅप तयार केलं. त्यात आधी गाड्या किती येतील याचा अंदाज बांधायचा, तो पूर्वीच्या नोंदींवरून. मग त्या गाड्या इतक्या खिडक्यांतून किती वेळात निघतील, हे रांगेचं गणित करायचं. हे गणित डेन्मार्कच्या एर्लांगने १९०९ साली मांडायला घेतलं. तो कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत होता, आणि लोकांना ताटकळत न ठेवता किती लाइनी आणि किती ऑपरेटर पुरतील, हा त्याचा प्रश्न होता. आता त्याच गणितावर आपण बफेलोच्या मॉलला जातो. मामांना हे सगळं पटलं. फक्त भाकीत किती वेळाचं, एवढं त्यांनी विचारलं.

“पुढच्या पंधरा मिनिटांचं.”

“आणि पूल इथून किती लांब?”

“दीड तास.”

मामा काही बोलले नाहीत. चष्मा पुसत राहिले.

निर्णयाची जागा खरं तर घर नाहीच. क्यूईडब्ल्यू महामार्गावर वेलंड कालव्यावरचा उंच स्कायवे उतरलात की थोड्याच वेळात चारशेपाच नंबरचा रस्ता लागतो. डावीकडे वळलात तर क्वीन्स्टन, पुढे चारशेवीसने रेनबो, नाकासमोर सरळ गेलात तर पीस ब्रिज. रस्त्यावरच्या इलेक्ट्रॉनिक पाट्या पुलांचे आकडे दाखवत असतात. मामा-मामींना घेऊन निघालो त्या दिवशी एका पुलाला चाळीस मिनिटं होती, दुसऱ्याला दहा. आम्ही अर्थातच दहाच्या पुलाकडे वळलो. आमच्या पुढच्या गाड्याही वळल्या आणि मागच्याही. पुलांची नावं मी सांगणार नाही, आम्हाला तिकडून पुन्हा जायचंय.

पोचलो तेव्हा दहा मिनिटांची रांग काही दिसेना. लाल दिवेच दिवे.

“होणारच,” मामा म्हणाले. “म्हणून प्रवाशाला खरी वेळ सांगायची नसते. गाडीला दीड तास आहे म्हटलं की तो वडापला पळतो, आणि दीड तासाने गाडी लागली की रिकामी जाते. ‘लागतेच आहे’ म्हणायचं. बसून राहतो.”

वाहतूकशास्त्राला छळणारा हा प्रश्न मामांनी एका वाक्यात निकालात काढला. भाकीत सगळ्यांना सांगितलं की सगळे त्याप्रमाणे वागतात आणि भाकीत खोटं पडतं. पावसाचा अंदाज ऐकून पाऊस आपला मार्ग बदलत नाही, माणूस बदलतो.

मग मामांनी घड्याळ काढून स्वतःच मोजणी सुरू केली. आमच्या ओळीत पुढे तेवीस गाड्या, गाडीमागे साधारण पन्नास सेकंद. “एकोणीस-वीस मिनिटं,” ते म्हणाले, आणि खरोखर सहा मिनिटं त्यांचा हिशेब सेकंदाला सेकंद जुळत गेला. माझी मुलं अ‍ॅप बंद करून आजोबांकडे बघायला लागली. तेवढ्यात आमच्या खिडकीवरचा हिरवा दिवा लाल झाला.

“ड्यूटी बदलली,” मामा शांतपणे म्हणाले. “हे कुठल्याच गणितात बसत नाही.”

शेजारच्या ओळीत कसंबसं घुसलो. तिथे पुढच्या गाडीतल्या गृहस्थांना डिकी उघडायला लावली होती आणि ते एकेक पिशवी काढून दाखवत होते, तीही हौसेने. अखेर आमची पाळी आली. फळं, भाज्या, मांस काही आहे का, असं साहेबाने विचारलं. मामींना ‘फळं’ एवढंच कळलं. “नको, खाल्लंय सगळ्यांनी,” असं त्यांनी मराठीत, पण अत्यंत आदराने सांगितलं.

साहेब हसला. त्याने मामा-मामींचे भारतीय पासपोर्ट बघितले आणि गाडी बाजूला लावून आत जायला सांगितलं. भारतीय पाहुण्यांना रस्त्याने शिरायचं तर आय-९४ची, म्हणजे प्रवेशाची, नोंद करावी लागते, आणि ती आत होते. आत पुन्हा खुर्च्या, पुन्हा रांग, आणि समोरच्या भिंतीवर एक घड्याळ. मामींच्या बोटांचे ठसे यंत्राला उमटेनात. उजवी चार बोटं, पुन्हा उजवी चार, ओल्या रुमालाने पुसून पुन्हा. “भांड्यांत गेले ठसे,” मामी मला म्हणाल्या. साहेबाला हे इंग्रजीत सांगायचं मी टाळलं. शेवटी अंगठ्याने एकदाची साथ दिली.

आत किती वेळ गेला ते कुठल्याही पाटीवर येत नाही. अधिकृत प्रतीक्षा म्हणजे रांगेच्या शेपटापासून पहिल्या खिडकीपर्यंत. त्यापुढे तुम्ही आत बसून जेवणाची वेळ चुकवलीत तरी सरकारी हिशेबात कधीच सुटलेले असता. मामांना याचं मुळीच नवल वाटलं नाही. गाडी फलाटाला लागली की कंट्रोलरचं काम संपतं, पुढे ती पंक्चर होऊन रस्त्यात उभी राहिली तर ते वेगळं रजिस्टर.

तेव्हा आई-वडिलांना किंवा मामा-मामींना घेऊन निघणार असाल, तर शुक्रवारची संध्याकाळ आणि लाँग वीकेंड टाळा, बफेलो बिल्सचा सामना घरी आहे का तेवढं बघा, आणि पाटीवरच्या आकड्यात आतल्या खोलीचा निदान एक तास स्वतःच मिळवा. पिशवीत फळं ठेवू नका. आणि काही झालं तरी रांगेत फोनचं ब्लूटूथ बंद करू नका, मागून येणाऱ्याला आपलीच वेळ दाखवतात.