उद्याचा विचार, कालची यादी

इंदूरजवळच्या आमच्या हातोदच्या चौकात पोह्यांच्या गाडीवर रोज सकाळी एक काका भेटतात. खरं तर मामाच म्हणायचो, पण मध्यप्रदेशात ती जागा केव्हाच भरली आहे. काका जन्मजात काँग्रेसवाले. २०२२ च्या ऑक्टोबरात पक्षाच्या अध्यक्षपदाची निवडणूक लागली तेव्हा मी विचारलं, "काका, मत कुणाला?"

काकांनी पोह्यांवर जीरावन भुरभुरलं, वर शेव मागून घेतली. "मत आपल्याला कुठंय? मत डेलिगेटला. आपण फक्त पाठिंबा द्यायचा."

"मग पाठिंबा कुणाला?"

"जो निवडून आलाय त्याला."

मतदानाला अजून आठवडा होता.

काकांना जे पोहे संपायच्या आत कळलं ते शशी थरूरांना निकालापर्यंत कळलं नाही. ते या निवडणुकीला परीक्षा समजले. परीक्षा म्हटल्यावर हुशार मुलगा करतो ते सगळं त्यांनी केलं: जाहीरनामा लिहिला, घोषवाक्य काढलं, गावोगाव फिरले. उद्याचा विचार करा, थरूरांचा विचार करा, असं ते घोषवाक्य. जाहीरनाम्यातल्या भारताच्या नकाशातून जम्मू-काश्मीरचा काही भाग गळला, मग माफी मागून नकाशा दुरुस्त करावा लागला. जाहीरनामा न काढण्याचा हा मोठाच फायदा असतो, त्यात काही चुकत नाही. प्रतिस्पर्धी मल्लिकार्जुन खर्ग्यांनी एवढंच सांगितलं की पक्षाचं उदयपूरचं घोषणापत्र राबवू. त्या घोषणापत्रात निम्मी पदं पन्नाशीच्या आतल्यांना द्यायची असं ठरलं होतं. हे आश्वासन देणारे उमेदवार तेव्हा ८० वर्षांचे होते आणि कुणालाही हसू आलं नाही. याला म्हणतात पक्षशिस्त.

आता मतदार पाहा. एकूण ९,९१५ डेलिगेट. डेलिगेट कसा होतो? तालुक्याच्या नेत्यानं नाव सुचवायचं, जिल्ह्याच्या नेत्यानं मान हलवायची, आणि सर्वसंमती झाली असं भोपाळला कळवायचं. त्या सप्टेंबरात अनेक प्रदेश समित्यांनी एका ओळीचा ठराव करून आपला प्रदेशाध्यक्ष नेमायचा अधिकारही दिल्लीला देऊन टाकला. ज्याला स्वतःचा प्रदेशाध्यक्ष निवडायचा अधिकार जड होतो, त्याच्या हातात देशाच्या अध्यक्षाची मतपत्रिका ठेवायची म्हणजे थोडी जबरदस्तीच.

बरं, ही मंडळी गाठायची कशी? थरूरांना मिळालेल्या यादीत कित्येकांचे फोन नंबरच नव्हते. अनेक राज्यांत ते पक्षाच्या कार्यालयात पोहोचले की मोठ्या नेत्यांना नेमकं बाहेर काम निघायचं. भोपाळनं तेवढं अगत्यानं स्वागत केलं. आम्ही माळव्याकडची माणसं पाहुण्याला उपाशी पाठवत नाही. मताचं मात्र कुणी बोलू नये.

मतपत्रिकेची तर गंमतच. पसंतीच्या उमेदवारापुढे १ आकडा लिहा, असं आधी ठरलं होतं. उमेदवारांच्या यादीत पहिला क्रमांक खर्ग्यांचा, दुसरा थरूरांचा! म्हणजे थरूरांना मत द्यायचं तर २ समोर १ लिहायचा. थरूरांच्या माणसांनी हरकत घेतली, तेव्हा कुठे बरोबरची खूण करायचं ठरलं.

पण खरी मेख सोबत्यांत होती. पक्षात सुधारणा करा, निवडणुका घ्या, असं पत्र २०२० साली तेवीस जणांनी सोनियाजींना लिहिलं होतं. थरूर त्यातलेच एक. निवडणूक प्रत्यक्ष लागली तेव्हा त्या पत्रावर सही करणारे आनंद शर्मा, मनीष तिवारी, भूपिंदरसिंग हुडा आणि आपले कराडचे पृथ्वीराज चव्हाण खर्ग्यांच्या अर्जावर सूचक म्हणून हजर. आमचे दिग्विजयसिंह तर आदल्या दिवशी स्वतःसाठी अर्ज घेऊन आले होते. दुसऱ्या दिवशी तेही खर्ग्यांचे सूचक. सुधारणेची मागणी करायला तेवीस जण मिळतात. सुधारणा दारात आली की चहा कुणी टाकायचा यावर मतभेद होतात.

अमेरिकेत मतदार लाखोंनी असतात, तरी तिथेही सूर हाच. २०२० साली डेमोक्रॅटिक पक्षाच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी बर्नी सँडर्स सुरुवातीला जोरात होते. २९ फेब्रुवारीला साउथ कॅरोलिना बायडननी जिंकलं आणि पुढच्या दोन दिवसांत बुटिजेज व क्लोबुचर मैदान सोडून बायडन यांच्या मागे उभे राहिले. ३ मार्चला चौदा राज्यांत मतदान झालं, त्यातली दहा बायडनना मिळाली. बर्नींचे चाहते याला नेत्यांचा कट म्हणतात. कट म्हणा, पण साउथ कॅरोलिनातल्या वयस्क कृष्णवर्णीय मतदारांना कुणी गाडीत कोंबून नेलं नव्हतं. त्यांना ओळखीचा माणूस हवा होता. बर्नींच्या सभांना गर्दी करणारी तरुण पोरं मात्र मतदान केंद्रावर अपेक्षेइतकी फिरकलीच नाहीत.

तेव्हा थरूरांचा सगळा दोष दिल्लीवर टाकून मी मोकळा होणार नाही. सुधारक ज्या पद्धतीला मोडीत काढायला निघतो, त्याच पद्धतीनं समोरचा डेलिगेट झालेला असतो. तुला बदलायचंय, आणि त्यासाठी तूच मत दे, असं त्याला सांगायचं! थरूरांनी हे सांगितलं, तेही फर्ड्या इंग्रजीत.

थरूर जिंकले असते तरी काय? १९३९ साली याच पदाची निवडणूक सुभाषबाबू १,५८० विरुद्ध १,३७७ मतांनी जिंकले. मग आमच्याच प्रांतात, जबलपूरजवळ त्रिपुरीला अधिवेशन भरलं, आणि तिथे गोविंद वल्लभ पंतांच्या ठरावानं त्यांचे हात बांधले. एप्रिलअखेर राजीनामा. समोरच्या पक्षात ही कटकटच नाही. भाजपचे अध्यक्ष बिनविरोध होतात, त्यामुळे कुणाला हरायचीसुद्धा संधी मिळत नाही.

हरण्याच्या बाबतीत इंदूरकरांना मात्र कुणी शिकवू नये. २०२४ च्या लोकसभेला आमच्या काँग्रेस उमेदवारानं ऐनवेळी अर्जच मागे घेतला आणि तो भाजपमध्ये गेला. पक्षानं 'नोटा'चा प्रचार केला. नोटाला २,१८,६७४ मतं पडली. काका आजही सांगतात, एवढा शिस्तीचा उमेदवार पक्षाला पुन्हा मिळायचा नाही. भाषण नाही, जाहीरनामा नाही, पक्षांतर नाही.

थरूरांचा निकाल १९ ऑक्टोबर २०२२ ला लागला. खर्गे ७,८९७, थरूर १,०७२. मराठी वाचकांसाठी सांगतो, १९९७ साली याच पदासाठी शरद पवारांना ८८२ मतं पडली होती आणि १९५० साली शंकरराव देवांना २०२. म्हणजे थरूर आपल्या दोघांच्या पुढेच आहेत. शिवाय बरोबरची एक खूण करायची असताना ४१६ डेलिगेटांची मतं बाद झाली. पुढच्या खेपेला ज्या कुणा सुधारकाला उभं राहायचं असेल त्यानं जाहीरनामा सावकाश लिहावा. आधी यादीतले फोन नंबर मिळवावेत.