हजार टीसींची चादर

आमच्या सुरगाणा तालुक्यात रेल्वे नाही. त्यामुळे टीसी म्हटलं की आम्हाला आठवतो तो शाळा सोडताना मिळणारा दाखला. नाशिकच्या एका चकचकीत दुकानात विक्रेत्या पोरानं चादरीवर हात फिरवत "सर, हजार टीसी आहे" असं सांगितलं, तेव्हा क्षणभर वाटलं, एवढी पोरं शाळा सोडून गेली तरी कुठं?

मग उलगडा झाला. टीसी म्हणजे थ्रेड काउंट. एक इंच लांब, एक इंच रुंद कापडात उभे धागे किती नि आडवे किती, ते मोजायचे आणि बेरीज मारायची. उभा तो ताणा, आडवा तो बाणा. बेरीज मोठी, तशी चादर मऊ, झोप गाढ आणि बिल झोप उडवणारं. चादर घेतली. कुणाच्या हट्टापायी घेतली ते लिहीत नाही, हे सदर घरातही वाचलं जातं.

घरी आल्यावर मात्र अंगातली मास्तरकी जागी झाली. प्रयोगशाळेतलं भिंग, पट्टी आणि टाचणी घेऊन बसलो. पाव इंचात उभे धागे 34, आडवे 28. चारनं गुणले: 136 आणि 112. बेरीज 248. मग बाकीचे साडेसातशे धागे काय एसटीत राहिले? काठाचा एक धागा ओढला, नखानं पीळ सोडवला, तर आत चार पदर. 248 गुणिले चार, 992. उरलेले आठ त्या पोरानं पदरचे घातले असावेत.

ही चलाखी जुनी आहे. पिळून एकत्र केलेल्या धाग्याचे पदर सुटे मोजले की आकडा दुप्पट, चौपट होतो, कापड आहे तेवढंच राहतं. अमेरिकेत कापड उद्योगाच्याच एका संघटनेनं यावर विचारणा केली, तेव्हा 2005 मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनच्या अधिकाऱ्यांनी कळवलं, की असे पदर मोजले तर गिऱ्हाइकाची दिशाभूल होऊ शकते; सांगायचंच तर '300 थ्रेड काउंट, दोनपदरी सूत' असं सांगा. म्हणजे टोपी घालायची तर आधी डोक्याचं माप सांगून घाला.

आमच्याच जिल्ह्यात मालेगाव आहे, यंत्रमागांचं गाव. तिथल्या धंद्यात रीड-पीक बोलतात: 68 बाय 64, सूत तीस बाय तीस. ताण्याचा आकडा वेगळा, बाण्याचा वेगळा, सुताचा नंबर तिसरा. नंबर म्हणजे एक पौंड सुतात 840 वारांच्या किती लडी भरतात तो हिशेब; नंबर जितका मोठा, सूत तितकं बारीक. कोरं कापड विकणाऱ्याला हे तीन आकडे तोंडपाठ असतात. वातानुकूलित दुकानातल्या पोराला मी "सूत कितीचं?" असं विचारलं, तर त्यानं मला किंमत सांगितली.

खरं तर एका इंचात धागे मावून मावून किती मावणार? एसटीतही कंडक्टर कधीतरी "आता पुढची गाडी" म्हणतोच. एकपदरी सुताच्या चांगल्या चादरीचं दोनशे ते चारशेत छान भागतं. आकडा पाचशेच्या वर गेला की पदर मोजायला बसावं.

पदर मोजायची ही रीत आम्हाला आधी कळायला हवी होती. 2018 च्या मार्चमध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा नाशिकहून मुंबईला 180 किलोमीटर चालत गेला, त्यात आमच्या तालुक्यातली माणसं होती. वर्तमानपत्रांनी डोकी मोजली. दुकानदाराच्या रीतीनं पाय मोजले असते, तर मोर्चा तिथल्या तिथं दुप्पट झाला असता. फोड मोजले असते, तर विचारूच नका.

चादरीचा खरा निकाल मात्र धुण्यात लागला. पाड्यावर मे महिन्यात बायका हंड्यावर हंडे रचून पाणी आणतात. तिथं या दाट विणीच्या जाड चादरीनं एका धुण्यात दोन हंडे पिऊन टाकले. जूनमध्ये पाऊस लागला आणि तो इथं लागतो म्हणजे लागतोच. दोरीवर टाकलेली चादर चार दिवस ओलीच. पाचव्या दिवशी कुबट वास, सहाव्या दिवशी काळे ठिपके. शेजारी वाळत घातलेलं आजीचं जुनं लुगडं तोवर तीनदा धुऊन, वाळून, नेसून झालं होतं.

आजी त्या दिवसांत नवी गोधडी शिवत होती. सात जुनी लुगडी, एकावर एक. मी सवयीनं भिंग काढलं. लुगड्यात इंचाला उभे 60, आडवे 50, म्हणजे 110. साताचे 770. दुमडून अंगावर घेतली की 1540. हे मी तिला समजावून सांगितलं. तिनं सुईत दोरा ओवून द्यायला सांगितलं.

ओवून दिला. तिनं ठिपक्यांची चादर दोरीवरून ओढली, हातानं चाचपली आणि लुगड्यांच्या मधोमध अंथरून टाके घालायला सुरुवात केली. दुकानाच्या हिशेबानं आमची गोधडी आता 1762 टीसींची आहे.