चाळीस मायक्रॉनचं दुःख

नवी गाडी संध्याकाळी ताब्यात घेऊ नये, असं कोणत्याही पंचांगात लिहिलेलं नाही. लिहायला हवं होतं. दसऱ्याचा मुहूर्त दुपारचा असला तरी शोरूमच्या रांगेतून नाशिककराच्या हातात किल्ली पडेपर्यंत दिवे लागलेले असतात. मग पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली धरून फोटो, केक, पेढे, चाकाखाली लिंबू. त्या झगमगाटात गाडी नुसती लखलखत असते. दुसऱ्या दिवशी सकाळी गंगापूर रोडवरच्या सोसायटीत तिरकं ऊन पडतं आणि डाव्या दरवाजावर, हँडलच्या खाली, तो दिसतो.

ठिपका. खसखशीच्या दाण्याएवढाही नाही.

मालक तो नखाने खरवडून बघतो. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून बोट ओलं करून चोळतो. मोबाइलचा टॉर्च मारतो. शेवटी बायकोला खाली बोलावतो. तिला काही दिसत नाही. "इथे. अगं इथे नाही, इथे. जरा वाक." घरातली एकही वस्तू आजवर त्याने इतक्या बारकाईने पाहिलेली नसते, पण सणाचे दिवस म्हणून ती एवढंच म्हणते, "तीट समजा आणि वर या, चहा गार होतोय."

तीट आपण लावतो, ती कारखान्यातून लावून येत नाही, हे त्याचं उत्तर जिन्यातच विरतं.

नाशकात अशा प्रसंगी तज्ज्ञांची वानवा नाही. २००२ साली महिंद्राची स्कॉर्पिओ इथल्याच कारखान्यातून रस्त्यावर आली, बॉशला जुनी मंडळी अजून मायकोच म्हणतात, आणि 'कंपनीतून' निवृत्त झालेले एक तरी काका प्रत्येक सोसायटीत सापडतातच. त्यातही पेंट शॉपमधले काका लाभले, तर मालकाचं नशीब. काका चष्मा कपाळावर चढवतात, दरवाजाला नाक लावतात आणि निकाल देतात, "धुळीचा कण. क्लिअर कोटमध्ये बसलाय. सोडून द्या."

सोडून देणार कसं? मग काकांना सगळं सविस्तर सांगावं लागतं. गाडीचा उघडा सांगाडा आधी रंगाच्या टाकीत बुडवतात आणि वीज सोडून पहिला थर चढवतात. त्यावर प्रायमर, त्यावर रंग, आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. मधूनमधून भट्टीत भाजणं असतंच. एवढा खटाटोप करून सगळ्या थरांची मिळून जाडी भरते साधारण शंभर ते सव्वाशे मायक्रॉन. त्यातला क्लिअर कोट चाळीस-पन्नास मायक्रॉनचा, म्हणजे बहुतेकांच्या डोक्यावरच्या केसाहूनही पातळ. लाखो रुपयांची चकाकी ती एवढीच.

ती जपायला पेंट शॉपमध्ये जे सोवळं पाळतात, ते ऐकून पंचवटीतल्या आजीबाईही खूश होतील. आत येणारी हवा गाळलेली. अंगावर धागा न सुटणारे कपडे. काही कारखान्यांत रंगाआधी गाडीवरून चक्क शहामृगाच्या पिसांचे फिरते ब्रश फिरतात. डिओडरंट मारून किंवा केसांना काहीबाही चोपडून आत जायला मनाई, कारण त्यातलं सिलिकोन ओल्या रंगावर पडलं की तिथे खड्डा पडतो. तरीही एखादा कण घुसतोच. त्यासाठीही नियम असतात: बॉनेटवर जो चालणार नाही, तो दरवाजाच्या खालच्या भागात चालून जातो. कारण तिथे वाकून कुणी बघत नाही, असं कारखान्याने गृहीत धरलेलं असतं. कारखान्याने हा मालक पाहिलेला नसतो.

शिवाय गाडी काळी. "पांढरी घ्या," असं सासऱ्यांनी सांगितलं होतं.

शोरूमवाले म्हणतात, "रबिंग करून देतो, सर." म्हणजे दोन-तीन हजार नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासायचा, वर कंपाउंड आणि पॉलिश. कण वरच्या वर असेल तर जातो. सोबत चाळिसातले काही मायक्रॉनही जातात आणि ते परत उगवत नाहीत. उन्हापासून खालच्या रंगाला राखणारा थरही तोच. निस्सानने २००५ मध्ये बारीक ओरखडे आपोआप भरून काढणारा क्लिअर कोट जाहीर केला होता. ते वाचल्यापासून मालक रोज गाडी उन्हात लावून वाट बघतो. वास्तविक त्याची गाडी ना त्या कंपनीची, ना तिच्यावर तो थर.

दरम्यान खरा संहार बिनबोभाट चालू असतो. ओल्या कुंकवाचं स्वस्तिक बॉनेटवर वाळतं आणि मालक ते प्रेमाने कोरड्या फडक्याने घासून काढतो. गाडी धुणारा पोरगा एकाच बादलीत आणि एकाच फडक्याने अख्खी रांग उरकतो. शेजारच्या गाडीची माती या गाडीवर गोल गोल फिरते. बोअरच्या पाण्यातले क्षार उन्हात पांढरे ठसे उठवतात. अशोकावरचे पक्षी त्यांचं काम करून जातात. त्यातल्या आम्लाला नाशिकचं ऊन मिळालं, की क्लिअर कोटवर कायमची नक्षी उमटते. यातलं काहीच मालकाला दिसत नाही. त्याची नजर हँडलच्या खाली.

शेवटी तो स्वतःच्या खर्चाने दरवाजा रंगवून घेतो. काका विरोध करून थकतात. कारखान्यात कोऱ्या सांगाड्याला रंग भाजतात ते दीडशे अंशांच्या आसपास. गॅरेजमध्ये वायरिंग आणि प्लॅस्टिकसकट तयार गाडीला साठेक अंशांवर भागवावं लागतं. शेड मात्र हुबेहूब जुळते. ठिपका गायब. बायकोला फरक विचारतात, तर तिला तोही दिसत नाही.

काही वर्षांनी गाडी विकायला निघते. जुन्या गाड्या घेणाऱ्यांचा एक तरुण मुठीत मावेल एवढं मीटर घेऊन येतो आणि एकेक पत्रा मोजत जातो. बॉनेट एकशे दहा मायक्रॉन. छत एकशे पंधरा. उजवा दरवाजा एकशे बारा. डावा दोनशे साठ.

"सर, ही बाजू ठोकलीय का?"

मालक त्याला खसखशीपासून सासऱ्यांपर्यंत सगळी हकिगत ऐकवतो. काकांनाही साक्षीला बोलावतो. तरुण अदबीने सगळं ऐकून घेतो, मान हलवतो आणि फॉर्मवर लिहितो: डावा दरवाजा, अपघातग्रस्त.